स्क्रूच्या कारखानदारानं वॉर्डाची निवडणूक जिंकली आणि शहराचा गॅस, पाणी, जमीन सगळं शहराच्या नावावर केलं

चेंबरलेन हे आडनाव काढलं की आपल्याला एकच माणूस आठवतो. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला, म्युनिकला जाऊन हिटलरशी करार करून आलेला आणि वर्षाच्या आत तोंडघशी पडलेला ब्रिटनचा पंतप्रधान, नेव्हिल चेंबरलेन.

पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात गेलात तर तिथं भर शहरात चेंबरलेन चौक आहे, चौकात चेंबरलेन कारंजं आहे आणि विद्यापीठात शंभरेक मीटर उंचीचा चेंबरलेन टॉवर आहे. यातलं एकही नाव नेव्हिलचं नाही. ही सगळी नावं त्याच्या वडिलांची, म्हणजे जोसेफ चेंबरलेन यांची.

जोसेफ चेंबरलेन कधीच पंतप्रधान झाले नाहीत. शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं ते अडीच वर्षांच्या महापौरपदामुळं. आणि त्या महापौरपदामागं होती वॉर्डावॉर्डात उभी केलेली निवडणुकीची एक यंत्रणा. इतकी पक्की, की विरोधक तिला शिव्या घालता घालता तिची नक्कल करायला लागले.

जोसेफ यांचा जन्म ८ जुलै १८३६ चा, लंडनच्या कॅम्बरवेल भागातला. वडिलांचा बूट-चपलांचा मोठा धंदा. घरात पैसा होता, पण कुटुंब युनिटेरियन पंथाचं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवीचं दार बंद होतं. पोरगं हुशार असूनही १६ व्या वर्षी शाळा सुटली आणि त्यांची रवानगी वडिलांच्या धंद्यात झाली.

दोन वर्षांनी, म्हणजे १८५४ ला गाडी वळली. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या आत्याचे यजमान नेटलफोल्ड यांचा लाकडात बसवायच्या स्क्रूचा कारखाना होता. तोपर्यंत स्क्रूचं टोक बोथट असायचं. आधी भोक पाडा, मग स्क्रू पिळा, असा सगळा कारभार. अमेरिकेत मात्र टोकदार स्क्रू बनवणारं यंत्र निघालं होतं. त्याचे हक्क विकत घ्यायला नेटलफोल्ड यांना पैसा हवा होता. तो चेंबरलेन यांच्या वडिलांनी घातला आणि आपल्या पैशावर लक्ष ठेवायला १८ वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवून दिला.

पोरानं नुसतं लक्ष ठेवलं नाही. हिशेब आणि विक्री त्यांनी हातात घेतली, आणि वीस वर्षांत इंग्लंडमध्ये बनणाऱ्या धातूच्या स्क्रूंपैकी सुमारे दोन तृतीयांश स्क्रू या एका कंपनीचे झाले. माल युरोपात, अमेरिकेत, जपानमध्ये आणि भारतातही जायचा. या वाढीत अनेक छोटे कारखाने गुंडाळले गेले आणि त्याबद्दल चेंबरलेन यांच्यावर पुढं टीकाही झाली. एकाच्या हातात अख्खा बाजार आला की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण गॅसच्या विषयात ती परत येणार आहे.

आता तेव्हाचं बर्मिंगहॅम कसं होतं ते बघू.

बंदुका, बटणं, पेनाच्या निबा, दागिने, पितळी सामान असं सगळं बनवणारं हे गाव. १८७१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ४० हजारांच्या पुढं, तरी कागदोपत्री ते शहर नव्हतंच. सिटी हा दर्जा मिळाला १८८९ ला. कारभार बघायला १८३८ पासून एक कौन्सिल होतं. त्यात ६४ सदस्य. ४८ नगरसेवक वॉर्डातून निवडून यायचे आणि उरलेल्या १६ जणांना कौन्सिलच निवडायचं. नगरसेवकाची मुदत तीन वर्षांची, पण दरवर्षी एक तृतीयांश जागा रिकाम्या व्हायच्या. म्हणजे दर नोव्हेंबरला गावात निवडणूक ठरलेली. महापौर एका वर्षासाठी, कौन्सिलनं निवडलेला. पगार कुणालाच नाही.

पगार नाही, प्रतिष्ठाही नाही. बड्या कारखानदारांना कौन्सिलमध्ये जाणं कमीपणाचं वाटायचं. १८५० च्या दशकात जोसेफ ऑलडे नावाच्या नेत्याच्या गटाचा तिथं जोर होता आणि या गटाच्या बैठका वुडमन नावाच्या दारूच्या गुत्त्यात भरायच्या. कार्यक्रम एकच, घरपट्टी वाढू द्यायची नाही. गटारं तुंबली तर तुंबू द्या, पण खर्च नको. हे लोक चोर होते असं नाही. छोटे दुकानदार आणि छोटे घरमालक होते, पट्टी वाढली की पहिला चटका त्यांनाच बसायचा. पण त्यांच्या या काटकसरीची किंमत गल्ल्यांमधली पोरं जीव देऊन चुकवत होती.

याला धक्का दिला तो आधी चर्चच्या व्यासपीठावरून. जॉर्ज डॉसन, आर. डब्ल्यू. डेल असे धर्मोपदेशक रविवारच्या प्रवचनात चक्क नगरपालिकेवर बोलायला लागले. गावातली गटारं, पाणी, शाळा, वाचनालय हीसुद्धा धर्माचीच कामं आहेत आणि शिकल्या-सवरल्या, पैसेवाल्या माणसांनी कौन्सिलमध्ये जाऊन ती केली पाहिजेत, असं त्यांचं सांगणं. समोर बसलेल्यांत कारखानदार, वकील, डॉक्टर होते. चेंबरलेन याच वातावरणात तयार झाले.

दरम्यान घरात एक आघात होऊन गेला होता. १८६१ ला त्यांचं हॅरिएट केनरिक यांच्याशी लग्न झालं. १८६३ ला मुलगा ऑस्टिनच्या बाळंतपणात हॅरिएट गेल्या. पुढं १८६८ ला हॅरिएट यांचीच चुलत बहीण फ्लॉरेन्स यांच्याशी दुसरं लग्न झालं. नेव्हिल हा त्यांचा मुलगा.

आता येऊ निवडणुकीच्या गणितावर.

१८६७ ला ब्रिटनमध्ये मताधिकार वाढला आणि शहरातल्या बऱ्याच कामगारांना मत मिळालं. बर्मिंगहॅमचे खासदार दोनावरून तीन झाले. पण कायद्यात एक पाचर मारून ठेवलेली होती. जागा तीन, तरी प्रत्येक मतदाराला मतं दोनच. हेतू असा, की मोठ्या पक्षानं तिन्ही जागा गिळू नयेत, एखादी जागा छोट्या पक्षालाही मिळावी. बर्मिंगहॅम हा लिबरल पक्षाचा गड. त्यामुळं तिसरी जागा कॉन्झर्व्हेटिव्ह नेणार असाच अंदाज होता.

लिबरल असोसिएशनच्या विल्यम हॅरिस यांनी डोकं लावलं. समजा १०० मतदार आहेत आणि त्यातले ६५ आपले. म्हणजे आपल्याकडं १३० मतं. ती तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ४३. समोरच्या ३५ जणांकडं ७० मतं. दोन उमेदवार उभे केले तर प्रत्येकाला ३५. म्हणजे आपले तिन्ही पास. अट फक्त एक, मतं सारखी वाटली गेली पाहिजेत. आवडत्या नेत्यावर सगळे तुटून पडले तर खेळ खल्लास.

त्यासाठी प्रत्येक वॉर्डात समिती बसवली. अमुक वॉर्डानं पहिल्या दोघांना मत द्यायचं, तमुक वॉर्डानं दुसऱ्या-तिसऱ्याला, पलीकडच्यानं पहिल्या-तिसऱ्याला. आपला आवडता कोण हे विसरून लोकांनी सांगितलं तसं मत दिलं. १८६८ ला तिन्ही खासदार लिबरल पक्षाचे निवडून आले.

या यंत्रणेची रचना तेव्हाच्या मानानं बरीच मोकळी होती. वॉर्डातला कुणीही लिबरल माणूस सभेला येऊ शकायचा. सभा वॉर्ड समिती निवडायची, वॉर्ड समित्या आपले प्रतिनिधी वर पाठवायच्या. या सगळ्या प्रतिनिधींची मोठी समिती पुढं सहाशेच्या घरात गेली आणि तिला नावही सहाशेच पडलं. कामगार, दुकानदार, मालक सगळे त्यात. उमेदवार बंद खोलीत ठरण्याऐवजी या समितीत ठरायला लागले. अर्थात सहाशे लोकांच्या बैठकीत काय ठरायचं हे आधीच चार-पाच जणांनी ठरवलेलं असायचं, हा विरोधकांचा आरोप अगदीच खोटा म्हणता येत नाही. एकदा ठरलं की वेगळा सूर काढायला जागा नसायची.

१८६९ ला दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे नवीन कायद्यानं घरपट्टी भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना नगरपालिकेसाठी मत मिळालं. पार्लमेंटसाठी स्त्रियांना मत मिळायला अजून जवळपास ५० वर्षं लागणार होती. दुसरी म्हणजे त्याच नोव्हेंबरमध्ये सेंट पॉल्स वॉर्डातून ३३ वर्षांचे जोसेफ चेंबरलेन नगरसेवक झाले.

पुढच्याच वर्षी यंत्रणा तोंडावर आपटली. १८७० ला देशभर शाळा चालवायला स्कूल बोर्ड आली. बर्मिंगहॅमच्या बोर्डात १५ जागा, प्रत्येक मतदाराला १५ मतं, आणि हवं तर पंधराच्या पंधरा मतं एकाच उमेदवाराला टाकायची मुभा. लिबरल मंडळींनी आत्मविश्वासानं १५ उमेदवार उभे केले. मतं पंधरा ठिकाणी फुटली आणि निवडून आले सहा. चर्चच्या बाजूच्या लोकांनी कमी उमेदवार उभे करून आठ जागा काढल्या, एक जागा कॅथलिक उमेदवाराला गेली. चेंबरलेन स्वतः निवडून आले, पण बहुमत गेलं. तीन वर्षांनी १८७३ ला लिबरल पक्षानं आठच उमेदवार दिले. आठही आले, बहुमत झालं आणि चेंबरलेन बोर्डाचे अध्यक्ष. हाव आवरली की जागा वाढतात, हे गणित आजही अनेक पक्षांना कळत नाही.

तोपर्यंत नगरपालिकेची निवडणूक पक्षाच्या नावावर लढवायची पद्धत नव्हती असंच म्हणा. चेंबरलेन यांच्या गटानं ती पाडली. वॉर्डाची निवडणूकसुद्धा खासदारकीच्या निवडणुकीसारखी लढवायची. यादी, घरोघरी भेटी, सभा, मतदानाच्या दिवशी माणसं बाहेर काढणं, सगळं. १८७२ पासून मतदानही गुप्त झालं होतं, त्यामुळं मालकाच्या डोळ्यांदेखत मत द्यायची वेळ संपली होती. असोसिएशनचे सचिव म्हणून फ्रान्सिस श्नाडहॉर्स्ट आले. मूळचे कापड दुकानदार, दिसायला शांत, पण संघटनेच्या कामात पक्के. गटार साफ करायला पक्ष कशाला लागतो, असा सवाल विरोधक विचारायचे. चेंबरलेन गटाचं म्हणणं असं, की गटारावर पैसा खर्च करायचा की नाही हाच तर पक्षाचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १८७३ च्या निवडणुकीत या गटाला कौन्सिलमध्ये दणकून बहुमत मिळालं आणि ३७ वर्षांचे चेंबरलेन महापौर झाले. पुढच्या वर्षी त्यांनी धंद्यातला आपला हिस्सा विकला. वाट्याला आले सुमारे १ लाख २० हजार पौंड. पोटाची चिंता मिटली. बिनपगारी महापौर पूर्णवेळ कामाला मोकळा झाला. ज्याच्याकडं असा पैसा नाही त्यानं महापौर कसं व्हायचं, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

पहिला हात घातला गॅसला. तेव्हा रस्त्यावरचे आणि घरातले दिवे गॅसवर चालायचे. शहरात गॅसच्या दोन खासगी कंपन्या. दोघी रस्ते खोदायच्या आणि दोघी नफा कमवायच्या. चेंबरलेन यांनी मांडणी केली, की ज्या धंद्यात मक्तेदारी अटळ आहे तो धंदा लोकांनी निवडलेल्या कौन्सिलच्या हातात हवा. स्वतः मक्तेदार राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना काहींना गंमत वाटली असेल, पण धंद्यातलं त्याला कळतं याबद्दल कुणाला शंका नव्हती.

किंमत होती जवळपास २० लाख पौंड. कौन्सिलच्या तेव्हाच्या एकूण कर्जाच्या कितीतरी पट. काटकसरवाल्यांना घाम फुटणं साहजिक होतं. चेंबरलेन यांनी सरळ हिशेब मांडला. कौन्सिलला कर्ज स्वस्त मिळतं, गॅसची कमाई व्याजापेक्षा जास्त आहे, फरक शहराचा. ही योजना त्यांना खासगीत चालवायला दिली तर दरवर्षी शहराला २० हजार पौंड देऊनही ते आरामात श्रीमंत होतील, अशीही खात्री त्यांनी कौन्सिलला दिली. कायद्याप्रमाणं करदात्यांची सभा घेऊन त्यांचा होकार मिळवावा लागला, मग पार्लमेंटकडून कायदा. १८७५ ला गॅस शहराचा झाला. पहिल्याच वर्षी नफा ३४ हजार पौंड. पुढं गॅसचा दरही उतरवला.

पाण्याचं गणित मात्र त्यांनी उलटं मांडलं. शहरातले निम्मे लोक विहिरीच्या पाण्यावर होते आणि त्यातल्या बऱ्याच विहिरींत मैला झिरपत होता. नळ होता तिथं पाणी आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस विहीर नाहीतर पाणीगाडी. चेंबरलेन पार्लमेंटच्या समितीपुढं गेले आणि पाण्यातून शहराला एक पैसा कमवायचा नाही, असं सांगून आले. गॅस ही सोय आहे, त्यात नफा चालेल. पाणी हा जगण्याचा प्रश्न आहे, तिथं नफा नको. १८७६ ला १३ लाख ५० हजार पौंड मोजून पाणीपुरवठा शहरानं घेतला. पुढच्या पिढीनं तर थेट वेल्सच्या डोंगरातून शंभरपेक्षा जास्त किलोमीटरवरून बर्मिंगहॅमला पाणी आणलं.

या सगळ्या धावपळीत फेब्रुवारी १८७५ ला फ्लॉरेन्स गेल्या. परत बाळंतपण, बाळही वाचलं नाही. सहा पोरं, दोन्ही बायका बाळंतपणात गेलेल्या, वय ३८. चेंबरलेन यांनी स्वतःला कामात गाडून घेतलं. विशेष म्हणजे, सगळ्यात अवघड काम याच वर्षी सुरू झालं.

१८७५ ला सरकारनं कायदा केला, की झोपडपट्टीची जागा कौन्सिल सक्तीनं विकत घेऊ शकतं. चेंबरलेन यांनी शहराच्या मध्यातली सुमारे ५० एकर जागा घ्यायची ठरवली. तिथं दाटीवाटीची, सूर्य न दिसणारी घरं होती. ती पाडून मधून रुंद रस्ता काढायचा. जागामालकांनी विरोध केला, सरकारी चौकशी लागली, तरी योजना पुढं गेली. चेंबरलेन यांनी स्वतःच्या खिशातले १० हजार पौंड घातले. तोच आजचा कॉर्पोरेशन स्ट्रीट, दुकानांनी भरलेला.

इथं एक खोच आहे. जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. म्हणजे मुदत संपली की सगळं परत शहराचं. धंदेवाईक डोक्याची कमाल. त्या भागातला मृत्युदर १८७३ ते १८७५ दरम्यान हजारी ५३ च्या आसपास होता, तो १८७९ ते १८८१ मध्ये २१ वर आला. आकडा बघून कुणीही टाळ्या वाजवेल. पण ज्यांची घरं पाडली त्यांचं काय, हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो. त्यांच्यासाठी घरं बांधणं कौन्सिलला महाग वाटलं. मोक्याच्या जागी दुकानं आली आणि गरीब लोक आजूबाजूच्या गल्ल्यांत, हळूहळू उपनगरांत पांगले. तिथं राहणारी माणसंच बदलली म्हणल्यावर त्या मृत्युदरातली किती घट खरी सुधारणा आणि किती नुसतं स्थलांतर, हे वेगळं काढणं सोपं नाही.

जून १८७६ ला चेंबरलेन बिनविरोध खासदार झाले आणि महापौरपद सोडलं. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी वॉर्ड समित्यांचं तेच मॉडेल देशभर नेलं. ३१ मे १८७७ ला बर्मिंगहॅममध्येच नॅशनल लिबरल फेडरेशनची स्थापना झाली, ग्लॅडस्टन स्वतः आले. विरोधक या यंत्रणेला कॉकस म्हणून हिणवायचे. शब्द अमेरिकेतून उचललेला, अर्थ असा की इथं नेते ठरवतात आणि मतदार माना डोलावतात. हिणवणाऱ्यांनाही काही वर्षांत वॉर्डात समित्या काढाव्या लागल्या, हा भाग वेगळा.

दिल्लीच्या राजकारणात गेल्यावर गल्लीतला नेता बदलतो तसं लंडनला जाऊन चेंबरलेन यांचंही झालं. १८८६ ला आयर्लंडला स्वतःचं पार्लमेंट द्यायच्या प्रश्नावर ते ग्लॅडस्टन यांच्याशी भांडले आणि पक्ष फुटला. फेडरेशन त्यांचंच अपत्य, पण ते ग्लॅडस्टन यांच्या बाजूनं गेलं. बर्मिंगहॅम मात्र चेंबरलेन यांच्याबरोबर राहिलं. एकेकाळचा जहाल लिबरल आता कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसला आणि १८९५ ला वसाहतमंत्री झाला.

इथं आपला संबंध येतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत भारतीयांची मतं कापायचा घाट चालला होता. पहिल्या विधेयकात आशियाई लोकांचा उघड उल्लेख होता, त्याला लंडननं हरकत घेतली. मग शब्द फिरवले. ज्या देशात पार्लमेंटसारखी निवडलेली संस्था नाही, तिथल्या लोकांना मत नाही, असं गोल लिहिलं. अर्थ तोच. १८९६ ला चेंबरलेन यांच्या कारकिर्दीत त्याला मंजुरी मिळाली. बर्मिंगहॅमच्या गल्लीतल्या कामगाराचं मत मोजून राजकारण उभं करणाऱ्या माणसानं डर्बनमधल्या व्यापाऱ्याचं मत जाऊ दिलं. कायद्यात वंशाचं नाव घेऊ नका, एवढाच त्यांचा आग्रह.

१८९९ ते १९०२ चं बोअर युद्धही त्यांच्याच काळातलं. त्यात छावण्यांमध्ये कोंडलेल्या २६ हजारांहून जास्त बोअर बायका-पोरांचा जीव गेला. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या, तिथले मृत्यू वेगळे.

युद्ध संपल्यावर १९०२ च्या अखेरीस चेंबरलेन दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. त्या वेळी मोहनदास गांधी मुंबईत वकिली करत होते. नुकतंच गिरगाव सोडून सांताक्रूझला बंगला घेतला होता, चर्चगेटला जायला पहिल्या वर्गाचा पास काढला होता. संसार लागत होता. तेवढ्यात आफ्रिकेतून तार आली, चेंबरलेन येतायत, तुम्ही या. गांधी निघाले. डर्बनला भारतीयांचं शिष्टमंडळ घेऊन भेटले. चेंबरलेन यांनी ऐकून घेतलं आणि स्वराज्य असलेल्या वसाहतींवर लंडनचा फारसा ताबा नाही, अशा अर्थाचं सांगून हात झटकले. पुढं प्रिटोरियाच्या शिष्टमंडळातून तर गांधींचं नावच अधिकाऱ्यांनी काढून टाकलं. वर्षभरात परतायचं ठरवून गेलेले गांधी त्यानंतर १९१४ पर्यंत आफ्रिकेतच लढत राहिले.

चेंबरलेन यांचा शेवट बर्मिंगहॅमशीच बांधलेला. १९०६ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीचा देशभर धुव्वा उडाला, जागा दीडशेच्या आसपास उरल्या. बर्मिंगहॅमनं मात्र सातच्या सात जागा दिल्या. जुलैमध्ये सत्तरावा वाढदिवस शहरानं रस्त्यावर उतरून साजरा केला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची आठ वर्षं तशीच गेली. २ जुलै १९१४ ला ते लंडनमध्ये वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन होण्याचा मान घरच्यांनी नाकारला. त्यांना बर्मिंगहॅमच्या की हिल दफनभूमीत पुरलं.

पोरांचं सांगायचं तर ऑस्टिन परराष्ट्रमंत्री झाले, १९२५ चं शांततेचं नोबेल मिळालं. नेव्हिल १९११ ला बापासारखेच बर्मिंगहॅमचे नगरसेवक झाले, १९१५ ला लॉर्ड मेयर. शहराची स्वतःची बँक त्यांनी काढली. मग पंतप्रधान, मग म्युनिक.

आणि शहरानं विकत घेतलेल्या त्या गोष्टी? गॅस १९४९ ला राष्ट्रीयीकरणात गेला. पाणी १९७४ ला विभागीय प्राधिकरणाकडं गेलं आणि १९८९ ला त्याचं खासगीकरण झालं. १८९० ला एका अमेरिकन मासिकानं ज्या बर्मिंगहॅमला जगातलं सगळ्यात चांगला कारभार असलेलं शहर ठरवलं होतं, त्याच शहराच्या कौन्सिलनं सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपल्याची अधिकृत नोटीस काढली. समान वेतनाची थकलेली देणी, फसलेली संगणक प्रणाली अशी कारणं पुढं आली. २०२५ ला कचरा उचलणारे कामगार संपावर गेले आणि रस्त्यावर पिशव्यांचे ढीग लागले.

कौन्सिलच्या इमारतीची पायाभरणी १८७४ ला महापौर चेंबरलेन यांच्याच हस्ते झाली होती. तिच्या मागच्या बाजूला, चेंबरलेन चौकात ते कारंजं अजून आहे. १८८० ला, म्हणजे चेंबरलेन जिवंत असतानाच, त्यांच्या महापौरपदाची आठवण म्हणून उभारलेलं. त्याचा वास्तुरचनाकारही चेंबरलेनच, जॉन हेन्री चेंबरलेन. पण नात्यातला नव्हे, फक्त आडनाव सारखं.